विक्रीचे शब्द आणि पुणतांब्याचा संप

गोदावरीच्या काठचे पुणतांबे हे गाव महाराष्ट्रास मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. योगी चांगदेवांची समाधी तेथे आहे, हे पहिले; आणि सन २०१७ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी जो संप केला त्याचा ठराव त्या गावच्या ग्रामसभेत झाला, हे दुसरे. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध जोडावा असे नाही. तथापि चांगदेवांनी ज्ञानेश्वरांस पाठविलेले पत्र कोरे होते अशी कथा आहे, आणि संपकऱ्यांची पहिली मागणी 'सातबारा कोरा करा' अशी होती, हे लक्षात आले म्हणजे थोडी मौज वाटल्यावाचून राहत नाही. काय लिहावे हे न सुचल्यामुळे चांगदेवांचा कागद कोरा राहिला. शेतकऱ्याच्या कागदावर इतरांनी इतके लिहून ठेविले होते की तो कोरा व्हावा यासाठी त्यास रस्त्यावर यावे लागले.

संपाची हकीकत थोडक्यात अशी. ३ एप्रिल २०१७ रोजी ग्रामसभेने ठराव केला; १ जूनपासून दूध व भाजीपाला शहरांकडे जाऊ द्यावयाचा नाही असे ठरले. २ जूनच्या रात्री काही प्रतिनिधींनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बोलणे करून संप मागे घेतल्याचे जाहीर केले, ते इतरांस मान्य झाले नाही आणि संप पुढे चालला. ११ जून रोजी सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली व २४ जून रोजी ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. या चळवळीचे राजकीय गुणदोष सांगण्याचा येथे हेतू नाही. भाषेच्या अभ्यासकास तिच्यात एक निराळीच गोष्ट दिसते. ज्या माणसाने आपला माल विकावयाचे नाकारिले त्यास आपल्या कृतीचे नाव सांगण्यासाठी 'संप' हा शब्द घ्यावा लागला, आणि हा शब्द विक्रेत्याचा नव्हे.

'संप' याचा जुना अर्थ एकोपा, एकमत असा आहे. गुजरातीत तो अद्याप त्याच अर्थाने चालतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार एकमताने काम सोडून बाहेर पडू लागले तेव्हा कृतीच्या मुळाशी असलेल्या एकीचे नाव कृतीसच मिळाले. लोकमान्यांस सन १९०८ मध्ये शिक्षा झाल्यावर गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेविले. पुढे १९२८ चा संप झाला, १९८२ चा झाला. आणि आज 'संप' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गिरणीचा बंद दरवाजा येतो. व्यापाऱ्याचा शब्द निराळा. त्याने दुकानास कुलूप लाविले म्हणजे तो 'हरताळ', म्हणजे हाटास ताळे. (हरताळ फासणे या वाक्प्रचारातील हरताळ वेगळा, पोथीतील चुकलेले अक्षर झाकण्याचे ते पिवळे द्रव्य.) गिऱ्हाइकाने पाठ फिरविली म्हणजे 'बहिष्कार'. येणेप्रमाणे श्रम विकणारा, माल विकणारा व माल विकत घेणारा अशा तिघांच्या नकारास मराठीत तीन शब्द आहेत. पिकवून विकणाऱ्याच्या नकारास एकही नाही. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे सन १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारिले, त्यासही संपच म्हणतात. पण तेथे नाकारिले ते श्रम होते, म्हणून शब्द चपखल बसला. पुणतांब्यास नाकारिली ती विक्री.

इंग्रजी भाषा व्यापारी राष्ट्राची. तिच्यात तरी अशा नकारास शब्द असेल म्हणून शोधावे, तर तेथेही तीच गत. 'स्ट्राइक' हा शब्द सन १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी शिडे उतरविली त्यावरून आला. 'बॉयकॉट' हा सन १८८० मध्ये आयर्लंडातील ज्या कारभाऱ्यास कुळांनी वाळीत टाकिले त्याच्या आडनावावरून. पुढे सन १९३२ मध्ये अमेरिकेतील आयोवा प्रांतात मिलो रेनो याच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी दूध व धान्य बाजारात पाठविण्याचे थांबविले, तेव्हा त्यांनी आपल्या संघटनेच्या नावात 'हॉलिडे' हा शब्द घातला. पेढ्या बुडू लागल्या म्हणजे त्या दारे लावून घेत आणि त्यास 'बँक हॉलिडे' असे सभ्य नाव देत. पेढीस सुटी चालते तर शेतकऱ्यास का नको, असा त्यातील उपरोध होता. आयोवाच्या शेतकऱ्याने सावकाराचा शब्द घेतला, पुणतांब्याच्या शेतकऱ्याने मजुराचा. स्वतःचा दोघांपाशीही नव्हता.

असे का व्हावे? उत्तर शोधावयाचे तर शेतकरी आपल्या विक्रीविषयी एरवी कोणत्या शब्दांनी बोलतो हे ऐकिले पाहिजे. राहाते, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यात कोणासही विचारावे. तो 'डेअरीला दूध घालतो', 'कारखान्याला ऊस घालतो', 'मार्केटला कांदा नेतो'. दूध 'विकतो' असे तो क्वचितच म्हणेल. त्याच गावातील किराणा दुकानदार मात्र साखर विकतो. घालणे या क्रियापदात देण्याचा भाव आहे, मोबदल्याचा नाही. देवास नैवेद्य घालतात, गाईस चारा घालतात. इंग्रजीतील 'सेल' या क्रियापदाचा प्राचीन अर्थही नुसता देणे, हवाली करणे एवढाच होता. किंमत घेऊन देणे हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. इंग्रजी शब्दाने हजार वर्षांत जो प्रवास केला तो आमच्या शेतकऱ्याचे क्रियापद अजून करावयाचे आहे, असे कोणी म्हणेल. मला हे खरे वाटत नाही. ग्रामीण बोली अडाणी नसून अचूक आहे. ज्या व्यवहारात किंमत विक्रेता सांगत नाही, वजन तो करीत नाही, हिशेब तो लिहीत नाही, त्यास विकणे म्हणावयाचे कसे? तो घालतो, आणि मग काय मिळते याची वाट पाहतो.

हा प्रकार इंग्रजांपासून सुरू झाला असेही समजू नये. बाजाराची भाषा नेहमीच हिशेब लिहिणाऱ्याची भाषा असते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्याच्या दहा वर्गांतील शेवटचा 'पण्यवर्ग' हा बाजाराच्या जिनसांचा व व्यवहाराचा आहे. यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो मोठा उद्योग होता. दरबारात त्याचे फळ काही प्रमाणात दिसले. बाजाराने त्याकडे लक्ष दिले नाही. बाजार, दुकान, दलाल, सौदा, नफा, कर्ज, जमा, वसूल हे शब्द होते तेथेच राहिले. पोर्तुगिजांनी 'लिलाव' दिला, तोही आपण घेतला, आणि आज कांद्याची वक्कल ज्या रीतीने विकली जाते तिला दुसरा शब्द कोणास सुचणार नाही. बाजार शब्दाची जात विचारीत नाही. तो शब्द कोणाच्या वहीत आहे एवढेच पाहतो.

काही शब्द तर शेतकऱ्यास कळू नयेत याच हेतूने ठेविलेले होते. जुन्या दलालांत एक सांकेतिक बोली चाले, तिला नंदभाषा म्हणत. तीत तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगुळू. नामदेवांचे गुरु विसोबा खेचर यांच्या नावावर याच भाषेतील एक अभंग सांगतात. पाच मुखे, तीन नेत्र व दहा हात असलेल्या शंकराचे वर्णन त्यात दलालांच्या आकड्यांनी केलेले आहे. संताने दलालाच्या आकड्यांनी देव मोजला, आणि दलालाने त्याच आकड्यांनी शेतकऱ्याच्या देखत त्याच्या मालाचा भाव ठरविला. जेथे बोलावयाचेही नसे तेथे 'हत्ता' चाले. अडत्या व खरेदीदार उपरण्याखाली अगर रुमालाखाली हात धरीत आणि बोटे दाबून सौदा ठरवीत. मालाचा धनी रुमालाकडे पाहत उभा. मुंबई इलाख्यात सन १९३९ मध्ये शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, महाराष्ट्र राज्यात १९६३ मध्ये नवा झाला, आणि रुमालाच्या जागी उघड लिलाव आला. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु उघड लिलावातही बोली बोलतो तो घेणाराच.

आता इंग्रजी शब्दांकडे वळू. आमच्या सुशिक्षितांची अशी समजूत असते की इंग्रजी व्यापारी शब्द व्यापाराबरोबर आले. दख्खनच्या खेड्यांपुरते तरी ते खरे नाही. तेथे ते कोर्टाबरोबर आले. सन १८१८ मध्ये पेशवाई गेल्यानंतर खेड्यातील माणसाने जे पहिले इंग्रजी शब्द तोंडात बसविले ते स्टँप, बाँड, नोटीस, समन्स हे होत. सन १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्यास थोड्या वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, पण परिणाम असा झाला की सावकार मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. सन १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा झाला व तो नगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे, पारनेर, कर्जत या भागांत पसरला. दंगेखोरांनी पुष्कळ ठिकाणी माणसांस इजा न करता कागद मागितले आणि ते जाळिले. त्यांना न कळणारी भाषा ज्यावर लिहिली होती तोच जिन्नस त्यांनी जाळावयास निवडला. सातबारा कोरा करण्याची ही जुनी रीत म्हणावयाची. त्यानंतर सन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला आणि 'शेतकरी' म्हणजे कोण याची व्याख्या करण्यात वकिलांची एक पिढी गुंतली.

याच सुमारास पुण्यामुंबईचे विद्वान व्यापाराचे शास्त्र मराठीत आणीत होते हे येथे नमूद केले पाहिजे. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' सन १८४९ चे, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' सन १८५५ ची. ही पुस्तके आदरास पात्र आहेत. त्यांची भाषा शाळेत गेली, वर्तमानपत्रांत गेली; बाजाराच्या ओट्यावर ती चढली नाही.

दौंड ते मनमाड हा लोहमार्ग सन १८७८ मध्ये सुरू झाला आणि पुणतांबे त्यावर आले. गुडशेड, वॅगन, पार्सल हे शब्द स्टेशनातून गावात शिरले. पुढे गोदावरी व प्रवरेचे कालवे झाले, ऊस आला, साखरेचे कारखाने आले. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने उभा राहिलेला सहकारी कारखाना सन १९५० च्या सुमारास चालू झाला आणि शेअर, चेअरमन, डायरेक्टर, टन हे शब्द बांधावर बोलले जाऊ लागले. या शब्दांची गंमत अशी की ते इंग्रजी राहिले नाहीत. 'सोसायटी' म्हणजे पुण्यात घरांची वसाहत; नगरच्या खेड्यात पीककर्ज देणारी संस्था, आणि क्वचित तिचे देणेही: 'सोसायटी भरली का?' 'फॅट' म्हणजे इंग्रजीत चरबी; येथे ती किमतीची पायरी आहे. गाईच्या दुधात ३.५ फॅट व ८.५ इतर घन पदार्थ असावे असे डेअरीचे प्रमाण. त्याखाली दूध उतरले की दर उतरतो. सकाळी किटली घेऊन गेलेल्या बाईस 'किती फॅट लागली?' असे विचारितात, तेव्हा तो शब्द आरोग्यशास्त्रातला नसून अर्थशास्त्रातला असतो.

या सर्वांत मला सर्वांत बोधक वाटतो तो 'बिल' हा शब्द. इंग्रजीत बिल विकणारा करितो आणि घेणाऱ्यापुढे ठेवितो. इतके माझे, ते द्या, असा तो मागणीचा कागद आहे. शहरात आपणही त्याच अर्थाने तो वापरितो. शिंपी बिल करितो, हॉटेलवाला बिल आणितो. ऊस पिकविणाऱ्या प्रदेशात हा शब्द अगदी उलटा झाला आहे. तेथे 'उसाचे बिल आले' असे म्हणतात, आणि ते कारखान्याकडून शेतकऱ्याकडे येते. म्हणजे घेणाराच बिल करितो, त्यात स्वतःच्या सोयीच्या वजावटी करितो, आणि उरेल ती रक्कम विक्रेत्याच्या खात्यात घालितो. 'उचल' या शब्दाचेही तेच. उचल म्हणजे पुढील कामाच्या हिशेबी आगाऊ घेतलेले पैसे. ऊसतोडणी करणारा मजूर मुकादमाकडून घेतो ती उचल. परंतु शेतकरी आपल्या घातलेल्या उसाच्या किमतीच्या पहिल्या हप्त्यासही 'पहिली उचल' म्हणतो. स्वतःचे येणे त्याच्या तोंडी कर्जासारखे होऊन बसले आहे. सन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे मिळावयाचे असतात, या आदेशाची भाषा हक्काची आहे; बांधावरची भाषा मात्र उचलीचीच राहिली.

महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या मुलांस इंग्रजी पत्रव्यवहार शिकविण्याचे काम माझ्याकडे काही वर्षे होते. त्या पाठ्यपुस्तकांचा क्रम ठरलेला असतो. गिऱ्हाईक चौकशीचे पत्र लिहितो, विक्रेता उत्तरादाखल 'कोटेशन' पाठवितो, मग ऑर्डर, मग इनव्हॉइस, पैसे न आल्यास नम्र स्मरणपत्र. एका वर्गात नगरकडच्या एका मुलाने विचारिले, "सर, कांद्याचे कोटेशन कोण लिहितो?" वर्ग हसला. मी त्यास काही तरी उत्तर दिले असेल; पण त्या पुस्तकातील सहा नमुनापत्रांपैकी एकही त्याच्या वडिलांनी आयुष्यात लिहिण्याचा प्रसंग आला नसेल, ही गोष्ट त्या दिवशी मनात राहिली ती राहिलीच. त्याच्या घरी जे येते ती 'पट्टी'. अडत्या तीवर वजन, दर व वजावटी लिहितो: हमाली, तोलाई, मोटारभाडे, पूर्वी अडतही. सन २०१६ च्या जुलैत सरकारने फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेविले. एका ओळीची जागा बदलणे किती जड जाते हे त्यावरून दिसले. वजावटी विक्रीपेक्षा अधिक झाल्या म्हणजे विकणाऱ्यासच खिशातून भर घालावी लागते. सन २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणणाऱ्या एका शेतकऱ्यास सर्व वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढील तारखेचा. बिल, चेक, तारीख, सही. आधुनिक व्यापाराचे सर्व संस्कार यथासांग झाले होते.

खुद्द इंग्रजीतील 'फार्मर' या शब्दाचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे तर आश्चर्य वाटते. लॅटिनमधील 'फिर्मा' म्हणजे ठरीव रक्कम. ती भरून सारावसुलीचा अधिकार घेणारा तो 'फार्मर'. आमच्या भाषेत मक्तेदार किंवा इजारदार. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देऊन रयतेस जेरीस आणिले, असे एल्फिन्स्टनने सन १८१९ च्या आपल्या अहवालात लिहिले आहे. त्या पद्धतीस इंग्रज लेखक 'फार्मिंग' म्हणत. जो शब्द रयतेस पिळणाऱ्याचा, तोच पुढे इंग्रजीत रयतेचा झाला. आम्ही आमच्या पोरांस 'फार्मर म्हणजे शेतकरी' असे पहिल्या इयत्तेत पाठ करवितो, त्यात हा सगळा इतिहास गडप होतो. शब्दांचे असे उलटणे इंग्रजीत घडले तसे मराठीतही घडते, एवढेच यावरून घ्यावे.

किंमत सांगण्याचा हक्क कोणाचा, हाच या सर्व शब्दांच्या तळाशी असलेला प्रश्न आहे. खताच्या गोणीवर, औषधाच्या बाटलीवर, साबणाच्या वडीवर कमाल किंमत छापलेली असते, 'एम.आर.पी.' हा शब्द खेड्यातील लहान मुलासही येतो, आणि ती विकणाऱ्याने सांगितलेली किंमत आहे. शेतमालास लागणारा शब्द 'हमीभाव'. त्यासाठी सन १९६५ मध्ये केंद्र सरकारने कृषिमूल्य आयोग नेमिला. भाव या मराठी शब्दात मनातील भाव व मालाचा भाव असे दोन्ही अर्थ नांदत आहेत. त्यास हमी जोडून हा शब्द झाला आणि तो इतका रुळला की त्यातील अडचण कोणास जाणवत नाही. हमी दुसऱ्याने द्यावयाची असते. शरद जोशी यांनी सन १९८० च्या कांदा व ऊस आंदोलनांत उत्पादनखर्चावर आधारलेला 'रास्त भाव' मागितला, तेव्हा शब्द निवडण्यात त्यांनी मोठी जाण दाखविली असे मला वाटते. रास्त म्हणजे न्याय्य, आणि न्याय्य काय हे ठरविण्यात विक्रेत्यासही तोंड असते. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने सन २००६ पर्यंत आपले अहवाल दिले आणि उत्पादनखर्चावर निदान पन्नास टक्के अधिक धरून हमीभाव असावा अशी शिफारस केली. पुणतांब्याच्या मागण्यांत हे नाव होते. खर्च अधिक पन्नास टक्के हे शब्द किराणा दुकानदाराचे आहेत. आपल्या हिशेबाची मांडणी शेतकऱ्याने त्या शब्दांत करावी, हे नवे होते.

तरीही त्या जूनमध्ये त्याने जे केले ते 'विकणार नाही' असे म्हणून केले नाही. दूध घालणार नाही, माल पाठविणार नाही, असे तो म्हणाला, आणि त्यास संप हे नाव दिले. काही ठिकाणी दूध रस्त्यावर ओतले गेले. ते योग्य की अयोग्य यावर शहरांत पुष्कळ वाद झाला. दूध सांडले त्याची हळहळ करणाऱ्यांत ते दूध कोणत्या दराने घातले जात होते हे विचारणारे थोडे होते.

पाच वर्षांनी, सन २०२२ च्या १ जून रोजी, पुणतांब्याचे शेतकरी पुन्हा एकत्र बसले. या वेळी त्यांनी शब्द बदलला होता. त्यांनी 'धरणे' धरिले. हा शब्द आज सर्व चळवळींत चालतो व त्याचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानी येत नाही. मराठेशाहीत धरणे धरी तो धनको. येणे बुडू लागले म्हणजे तो ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि आपल्या उपासाचे पाप त्याच्या माथी येईल या भयाने त्यास देणे देण्यास भाग पाडी. इंग्रजांस हा प्रकार इतका विलक्षण वाटला की सन १८६० च्या दंडविधानातील ५०८ व्या कलमाखाली उदाहरण म्हणून धरण्याचाच दाखला दिला होता. ज्यास सरकारच्या दप्तरात, सोसायटीच्या वहीत व अडत्याच्या पट्टीवर दीडशे वर्षे ऋणको म्हणून लिहिले गेले, तो पुणतांब्यास त्या दिवशी धनकोच्या शब्दाने दारात बसला होता.